मगरीच्या डोळ्यातला पांढरा ठिपका

बडोद्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्या मराठी मुलींची लग्नं फोटो पाहून ठरली, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या डोळ्यांत लक्ष्मीकांतानं घातलेला एक पांढरा ठिपका आहे. मुलींना ते माहीत नाही. नवऱ्यांना तर नाहीच नाही. दांडिया बाजाराजवळ जयसिंगरावांचा स्टुडिओ होता, त्याच्या मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी लक्ष्मीकांत बसायचा, ब्रशाचं टोक जिभेवर ओलं करायचा आणि फोटोतल्या बुबुळावर, वरच्या डाव्या अंगाला, मोहरीच्या दाण्याहून बारीक ठिपका टेकवायचा. तेवढ्यानं मेल्या डोळ्यात जीव यायचा. गालावर देवीचे व्रण असोत, मान आखडलेली असो, रंग डांबरासारखा असो. त्याच्या टेबलावरून फोटो उठला की मुलगी ‘गव्हाळ वर्णाची, नाकीडोळी नीटस’ होऊनच उठायची. देवाला जमलं नाही ते आमच्या मागच्या खोलीत जमतं, असं जयसिंगराव गिऱ्हाइकांना सांगत, आणि देव काही भांडायला येत नसे.

सत्त्याण्णव साल उजाडलं तोवर त्या खिडकीचे दिवस भरत आले होते. जयसिंगरावांनी कॉम्प्युटर आणला. माउस इकडून तिकडे फिरवला की व्रण गायब, आणि मागे शिमल्याचे डोंगर फुकट. “लक्ष्मीकांतराव, तुम्ही निरांते, आरामात बसा,” जयसिंगराव म्हणाले. “जुनं गिऱ्हाईक आलं तर तुमचं काम आहेच.” जुनं गिऱ्हाईक म्हणजे घरातलं कोणी वारलं की हार घालायला मोठा फोटो करून मागणारे. नवऱ्या मुलींवरून तो असा मेलेल्या माणसांवर आला होता, आणि हे त्याला जेवढं लागलं होतं तेवढं त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

अशात एक दिवस अवंती आली. शहराच्या समा भागात राहणारी, प्राणीशास्त्र शिकलेली, नदीतल्या प्राण्यांसाठी धडपडणाऱ्या एका लहानशा संस्थेत काम करणारी मुलगी. खांद्यावरची झोळी खाली ठेवून तिनं त्याच्या टेबलावर एक काळापांढरा फोटो पसरला.

“काका, हिला गोड करून द्यायचंय.”

फोटोत विश्वामित्री नदीचा चिखलाचा काठ होता आणि त्यावर जबडा उघडून पडलेली मगर होती.  लक्ष्मीकांतानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मगर तिथंच होती.

अवंती आपल्या नादात सांगत सुटली. नदीतल्या मगरींचं करायचं काय, यावर शहरात नेहमीच वाद. उचलून लांब नेऊन टाका म्हणणारे पुष्कळ. राहू द्यायच्या तर काठ राखायला हवा, जाळ्या लावायला हव्यात, माणसं नेमायला हवीत, आणि त्याला पैसा लागतो. तो लोक आपल्या खिशातून देतील का, हे विचारत ती घरोघर जाणार होती. “प्रश्न सगळीकडे तोच, काका. मजकूरही तोच. फक्त काही घरी हा फोटो आहे तसा दाखवायचा आणि काही घरी तुम्ही सुधारलेला. चित्र बदललं की माणसाचं मन किती बदलतं, ते बघायचंय.”

“आणि बदललं तर?”

“तर मग पोस्टरवर तेच चित्र. गावभर.”

नको म्हणायला तेवढा एक क्षण होता. पण दारात जयसिंगराव उभे होते. “अरे, एवढंच ना? कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत करून देऊ,” ते म्हणाले, आणि तिथंच माशी शिंकली. लक्ष्मीकांतानं फोटो आपल्याकडे ओढला. “हे हाताचं काम आहे,” तो म्हणाला. “इथं राहू द्या.”

अभिमान ही चीज अशी, की माणूस तिच्या नादी लागला की स्वतःच्या घराचा पत्ताही विसरतो. लक्ष्मीकांताच्या घरी, पाणीगेटच्या आतल्या पोळात, म्हणजे दाटीवाटीच्या जुन्या गल्लीत, त्याची धाकटी बहीण मंदा होती. मंदाचा डावा हात कोपरापर्यंतच होता. उरलेला विश्वामित्रीनं घेतला होता.

ती बारा वर्षांची असताना ऋषिपंचमीला आत्या तिला नदीवर स्नानाला घेऊन गेली होती. कपडे सांभाळायला लक्ष्मीकांत बरोबर होता. भाद्रपदातलं गढूळ पाणी, बायकांची गर्दी, आघाड्याच्या काड्या, मंत्र. मंदा गुडघाभर पाण्यात उभी होती आणि पुढच्या क्षणी नव्हती. शेजारच्या घाटावर धुणं धूत असलेल्या एका धोब्यानं हातातलं धोपटणं घेऊन पाण्यात उडी टाकली, म्हणून पोर तरी वर आली. लक्ष्मीकांत तिथंच उभा होता, पण त्याला दिसलं ते नुसतं पाणी. मगर त्यानं पाहिलीच नाही. मंदानं पाहिली. तिचा डोळा अगदी जवळून पाहिला, असं ती दवाखान्यातून घरी आल्यावर एकदा म्हणाली, आणि मग त्या घरात मगरीचं नाव कोणी काढलं नाही.

पुढं ती बावीस वर्षांची झाली आणि मामांनी स्थळं बघायला घेतली. फोटो लक्ष्मीकांतानंच काढला. मंदा खुर्चीवर बसली, थोटा हात पदराखाली घेतला, आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. फोटो छान आला होता. पण मामा म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा मुलगी बघायला येऊ देत, तिचं बोलणं-चालणं बघितलं की हाताचं कोण विचारतो?” लक्ष्मीकांताला ते पटलं. त्याचं बहिणीवर प्रेम होतं, हेच तर वाईट झालं. त्यानं पदराच्या घडीवर रंगानं दुसरा हात काढला. उजव्या हातावर अलगद ठेवलेला, बोटं निमुळती, मनगटात काचेच्या बांगड्या. आणि शेवटी डोळ्यांत तो ठिपका टेकवला. असा ठिपका त्यानं टेकवला तो पहिल्यांदाच. पुढं त्यानं तो गावभर वाटला.

त्या रंगवलेल्या फोटोवरून प्रती निघाल्या, आणि इंदोरची मंडळी बघायला आली. मंदानं पोह्यांची ताटली एका हातानं आणून ठेवली. मुलाच्या वडिलांनी ताटलीकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं, आणि म्हणाले, “फोटोत तर दोन हात होते.” चहा तसाच कपात राहिला. मंदाला तोवर फोटोतल्या हाताचा पत्ताच नव्हता. मंडळी गेल्यावर तिनं मामांच्या पिशवीतून तो रंगवलेला फोटो काढून घेतला आणि आपल्या ट्रंकेत ठेवला. ती ओरडली नाही, रडली नाही. पण त्यानंतर तिनं कोणाला आपला फोटो काढू दिला नाही, आणि लग्नाचं नाव काढणाऱ्याला दारातच विचारायची, “किती हात लागतात संसाराला?”

आता ती पंचेचाळिशीची होती आणि पोळात तिच्या शब्दाला वजन होतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचा एसटीडी बूथ होता. काचेची केबिन, लाल आकडे पळवणारं मीटर, बाहेर पिवळी पाटी. कोणाचा मुलगा दुबईला गेला, कोणाच्या सुनेनं माहेरी काय सांगितलं, सगळं तिच्या कानावरून जायचं आणि तिथंच राहायचं. भावाबहिणीत बोलणं होतं, चहा होता, भाजी काय आणायची ते होतं. फोटोचा विषय तेवढा नव्हता. वीसेक वर्षं दोघांनी तो विषय घरातल्या खचलेल्या फरशीसारखा ओलांडला होता.

आणि त्याच बहिणीचा हात खाणाऱ्या जातीला नटवायचं काम लक्ष्मीकांत छाती फुगवून घेऊन बसला होता. मंदाला हे कळता कामा नये. बाकी जगाचं काही होवो.

पहिले दोन दिवस त्यानं ब्रश उचलला नाही. नुसता त्या जबड्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, बिघडवून टाकावी. दात लांब करावेत, डोळ्यात विष घालावं. लोक म्हणतील, काढा ही ब्याद नदीतून. त्यात चुकीचं काय? पण जन्मभर एकाच वाटेनं गेलेला बैल दुसऱ्या वाटेला लावायचा म्हटला तरी लागत नाही. ब्रश जिभेवर ओला झाला आणि हात आपल्या कामाला लागला. आधी डोळ्याखालच्या सुरकुत्या गेल्या. मग कातडीवरचे खवले जरा मऊ झाले. दातांवर सावली आली आणि जबड्याच्या कोपऱ्याला अगदी पुसटसं वळण मिळालं. मगरीच्या डोळ्यातली बाहुली उन्हात उभ्या चिरेसारखी असते. लग्नाच्या फोटोत असला डोळा आला असता तर लक्ष्मीकांतानं तो गोल केलाच असता. इथंही त्यानं तो गोल केला. मग श्वास धरून वरच्या डाव्या अंगाला ठिपका टेकवला.

संध्याकाळी मगर म्हणजे उन्हात अंग शेकत बसलेली एखादी पोक्त, लेकुरवाळी बाई झाली होती. अवंतीनं पाहिलं आणि टाळीच वाजवली. “काका, ही तर कोणाची तरी आई वाटते!”

घरोघर दाखवायची कार्डं छापून आली तेव्हा तिनं एक त्याला दिलं. त्यानं ते खिडकीशी धरलं. तो डोळा त्याच्या ओळखीचा होता. ट्रंकेतल्या फोटोतून मंदा याच डोळ्यानं बघत होती.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला. अवंती अधूनमधून स्टुडिओत डोकावायची आणि खुशीत खबर द्यायची. समाच्या सोसायट्यांत गोड कार्ड पाहून बायका चटकन हो म्हणतात. एकीनं तर पन्नासला नाक मुरडून एकावन्न लिहायला लावले, शुभकार्य आहे म्हणून. साधं कार्ड पाहिलं की त्याच सोसायटीतले लोक म्हणतात, आमच्याकडे आधीच टॅक्स फार आहे. सावली तालुक्यातल्या एका खेड्यात मात्र एक म्हातारी गोड कार्ड उलटसुलट करून म्हणाली, “ही आजारी आहे का गं?” अवंती हसत सुटली. लक्ष्मीकांतालाही हसावं लागलं.

“आणि आता या रविवारी पाणीगेट,” अवंती म्हणाली.

लक्ष्मीकांतानं ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवून दिला. “आमचं घर सोड, पोरी.”

“का काका?”

का, ते सांगायला तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. तो म्हणाला, “घरात माणसं कामात असतात.”

“पण घरं आम्ही चिठ्ठ्या टाकून काढलीत. एक गाळलं की सगळंच बिघडतं.” तिनं झोळीतला कागद पाहिला. “अरे वा, तुमचं घर निघालंय की!”

“कोणतं कार्ड?”

“ते सांगायचं नसतं. आणि हो, मी आले की ओळख दाखवायची नाही हं. उत्तर बिघडतं.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. शनिवारी जेवताना त्यानं एकदम सुचवलं की उद्या सगळ्यांनी डाकोरला रणछोडरायाच्या दर्शनाला जाऊ. दुर्गा, त्याची बायको, भात वाढता वाढता थांबली. “तुम्ही? डाकोरला? परवा दूध आणायला सांगितलं तर गुडघे दुखत होते.”

“रविवारी फोनला अर्धा दर असतो, दादा,” मंदा म्हणाली. “लोक आठवडाभर बोलणं साठवून येतात. बूथ बंद ठेवला तर रणछोडराय मला ओळखसुद्धा दाखवायचे नाहीत.”

“मग एकदा समाला जाऊन ये. तुझी मैत्रीण सरोजिनी किती दिवस बोलावतेय.”

“तुला मला घराबाहेर का काढायचंय?” तिनं विचारलं. सहजच विचारलं, पण लक्ष्मीकांतानं हातातला घास ताटात परत ठेवला. आता सांगावं, असं त्याला वाटलं. सांगायला शब्दही जुळवले. तेवढ्यात दुर्गानं ताक पुढं केलं आणि त्याला वाटलं, ताक पिऊन सांगू. ताक संपलं तेव्हा मंदा हात धुवायला उठली होती. अर्धी कार्डं साधी आहेत, त्यानं मनाची समजूत घातली. साधंच निघेल. साध्यावर माझा हात फिरलेला नाही.

रविवारी बूथवर सकाळपासून रीघ होती. अवंती आली तेव्हा केबिनमध्ये एक व्यापारी सुरतेला मोठमोठ्यानं ओरडत होता, आणि बाहेरच्या बाकावर दोघं आपली पाळी येण्याची वाट बघत होते. लक्ष्मीकांत आतल्या दाराशी कप घेऊन उभा होता. अवंतीनं त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. ठरल्याप्रमाणे त्यानंही नजर फिरवली. आपल्याच घरात, आपल्याच ओळखीच्या पोरीसमोर, तो परका माणूस बनून उभा राहिला.

“नमस्ते मावशी. नदीतल्या प्राण्यांबद्दल थोडं विचारायचंय. घरातलं कोणीही एक मोठं माणूस चालेल.”

“मी सांगते,” दुर्गा आतून पुढं आली. लक्ष्मीकांताला हायसं वाटलं. “पण पावती देणार का?”

“आत्ता काही घ्यायचं नाहीये काकू, नुसतं विचारायचंय.”

“नुसतं विचारायला कशाला येता मग,” म्हणून दुर्गा कुकरची शिट्टी झाली तशी आत वळली. आणि मंदानं हात पुढं केला. “दे. मला विचार.”

 लक्ष्मीकांतानं हातातला कप खिडकीत ठेवला.

अवंतीनं मजकूर वाचून दाखवला. विश्वामित्रीत मगरी पूर्वीपासून आहेत. नदीचे काठ ढासळताहेत, त्यांची जागा आक्रसत चालली आहे. मगर हे नाव आलं तेव्हा मंदाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं फक्त पदर खांद्यावर नीट ओढून घेतला. मग अवंतीनं झोळीतून कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं.

दारातून लक्ष्मीकांताला कार्डाची पाठच दिसत होती. कोणतं आहे ते कळत नव्हतं. त्यानं मंदाच्या तोंडाकडे पाहिलं. केबिनमधला व्यापारी “अरे, सांभळो तो खरा!” म्हणून समोरच्याला ऐकायला लावत होता, मीटरचे लाल आकडे पळत होते. मंदा कार्ड डोळ्यांशी नेई, लांब धरी. उजेडात नीट बघता यावं म्हणून तिनं ते तिरकं केलं आणि आधाराला थोटा हात पदराखालून बाहेर काढला. अवंतीनं तो पाहिला. तिचा चेहरा उतरला, पेन हातातच राहिलं. तिनं लक्ष्मीकांताकडे पाहिलं, आणि या वेळी ओळख लपवायचं तिला सुचलं नाही.

“हा डोळा दादानं काढलाय,” मंदा म्हणाली.

 केबिनचं दार उघडून व्यापारी बाहेर आला, पैसे ठेवून “आवजो, मंदाबेन” म्हणाला आणि गेला. मंदानं सुटे परत केले, पुढच्याला आत पाठवला, नंबर लावून दिला. मग कार्ड पुन्हा उचललं.

“मावशी, मला माहीत नव्हतं,” अवंती म्हणाली. “खरंच माहीत नव्हतं. आपण हे राहू देऊ.”

“का राहू देऊ? चिठ्ठीत आमचं घर आलंय ना? विचार.”

अवंतीनं कसाबसा प्रश्न विचारला. या प्राण्यांच्या रक्षणासाठी तुम्ही दरवर्षी काही रक्कम द्याल का?

“हिच्यासाठी नाही,” मंदा म्हणाली. “ही नदीत राहत नाही. ही दादाच्या टेबलावर जन्मली. मी डोळा पाहिलाय बाई तिचा. उभी चीर असते मधोमध, दाराची फट असावी तशी. त्यात ठिपकाबिपका काही नसतो. तिला तू कोण, कोणाची, काही पडलेलं नसतं. लिही, नाही.”

अवंतीनं लिहिलं. तिचं अक्षर बिघडलं.

“झालं तुझं काम?”

“झालं.”

“नियम संपला?”

“हो, मावशी.”

“मग दुसरं दाखव.”

अवंतीनं लक्ष्मीकांताकडे पाहिलं.  तिनं पेनाला टोपण लावलं आणि साधं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. चिखल, उघडा जबडा, वेडेवाकडे दात आणि तो उभ्या चिरेचा डोळा. मंदानं त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. लक्ष्मीकांत दोन पावलं पुढं आला, पण तिनं हातानंच त्याला थांबवलं.

“हीच ती,” ती म्हणाली. “हिच्यासाठी देते मी. दरवर्षी देते.”

“मावशी…” अवंती म्हणाली. “हिनं तर तुमचा…”

“माया आलीय असं समजू नकोस. अजून नदीवरच्या पुलावरून जाताना मी डोळे मिटते. पण उद्या नदीतून ती गेली, तर माझा हात कशानं गेला हे पुढच्या पोरांना खरं तरी वाटेल का? म्हणतील, बाईनं गोष्ट रचली. आणि तुम्ही ही अशी नटवून गावभर चिकटवलीत, तर एखादी पोर तिला हात लावायला जाईल.” तिनं दोन्ही कार्डं एकमेकांवर ठेवून परत केली. “आहे तशी दाखवा. थोडे लोक देतील. पण जे देतील ते बघून देतील.”

“पण हे आता लिहिता नाही येत,” अवंती म्हणाली. “तुमचं उत्तर ‘नाही’ असंच राहणार.”

“राहू दे. तुझ्या कागदासाठी बोलले नाही मी.”

अवंती गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत लक्ष्मीकांत तिच्या पाठीकडे बघत राहिला, कारण घरात दुसरीकडे कुठं बघावं ते त्याला कळत नव्हतं. केबिनमधला माणूस बोलून गेला, त्यानंतरचाही गेला. दुपार झाली तशी गर्दी ओसरली. मंदा उठून आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. ती आली तेव्हा तिच्या हातात एक जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो होता.

“तुझं सामान आण.”

लक्ष्मीकांतानं आणलं. ब्रश, रंगाची वडी, कापूस, पाण्याची वाटी. त्याला वाटलं ती तो फोटो फाडणार. तिनं तो काउंटरवर त्याच्यापुढं सरळ ठेवला. खुर्चीवर बसलेली बावीस वर्षांची मंदा, मांडीवर अलगद ठेवलेले दोन हात, काचेच्या बांगड्या, आणि डोळ्यांत ते ठिपके.

“हा हात काढ,” ती म्हणाली.

“मंदे…”

“वरचा रंग आहे ना? पाण्यानं निघतो ना? मग काढ.”

“मला वाटलं होतं, ते लोक तुला एकदा भेटतील आणि मग…” त्यानं कापसाचा बोळा हातात घेतला. “मी तुझं वाईट नव्हतं गं बघितलं.”

“मला माहीत आहे ते. मला तेव्हाही माहीत होतं. पण एवढ्या वर्षांत मला मी आहे तशी दाखवून कोणी विचारलंच नाही, दादा. कदाचित कोणी नाही म्हणालं असतं. सगळेच म्हणाले असते. पण ते मला म्हणाले असते.”

लक्ष्मीकांतानं कापूस ओला केला.    पहिल्यांदा बांगड्या गेल्या. मग बोटं, एकेक करून, निमुळत्या टोकापासून मागे. मग मनगट. नदीनं जे क्षणात नेलं होतं ते त्याला इंचाइंचानं काढावं लागत होतं, आणि ती समोर बसून बघत होती. तो रडत होता, हे त्यालाच कापूस बदलताना कळलं. रंगाखालून पदराची घडी वर आली, जशी तिनं त्या दिवशी स्वतःच्या हातानं घातली होती तशी.

“डोळ्यातलेही,” ती म्हणाली.

त्यानं तेही पुसले. ठिपके गेले आणि फोटोतली मुलगी एकदम कोणी दुसरीच झाली. जरा घाबरलेली, पण सरळ कॅमेऱ्यात बघणारी. ही त्यानं भिंगातून एकदा पाहिली होती आणि मग विसरला होता.

पदराच्या घडीवर मात्र एक पांढुरका डाग राहिला. तिथं कागदच रंग प्यायला होता. लक्ष्मीकांतानं सवयीनं ब्रश उचलला, टोक जिभेवर ओलं केलं आणि त्या डागावर नेलं.

“राहू दे,” मंदा म्हणाली.

त्यानं ब्रश खाली ठेवला. तिनं फोटो उचलला, जरा वाळू दिला आणि बूथच्या काचेला, दराच्या पाटीशेजारी, आतून चिकटवला. तेवढ्यात दारात पोळातली एक बाई आली. “मंदाबेन, जरा नागपूर लगाडो ने,” असं म्हणता म्हणता तिनं काचेवरच्या फोटोकडे पाहिलं. “आ कोण?”

“हूं. मीच,” मंदा म्हणाली, आणि रिसीव्हर उचलून नंबर लावायला लागली.